घरी केलेला शेअर बाजार

निवृत्त झाल्यापासून मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. वेळ कसा जातो, आणि पैसे कुठं गुंतवले? दुसऱ्याचं खरं उत्तर दिलं की लोक हसतात. मी पंधरा वर्षं शेअर घेतले आणि विकले, चढताना हावरटासारखे घेतले, उतरताना चरफडत विकले, आणि खऱ्या बाजारात आजवर एक रुपया घातला नाही. माझा सगळा व्यवहार दोन फूट बाय दीड फुटाच्या प्लायवूडवर झाला. हल्ली वाळूजच्या कंपन्यांतली पोरं जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मोबाइल उघडून भाव बघतात. त्यांचं चालू द्या. मला त्या प्लायवूडच्या बाजारानं जे शिकवलं ते मी नको तिथं वापरलं, आणि त्यापायी माझ्या बायकोला शेवटचं तिच्या माहेरी नेलं नाही. तिचं माहेर देवगाव रंगारी, आमच्या बजाजनगरपासून एसटीनं दीड तासावर. एवढंच अंतर होतं.

मुलगी आठवीत असतानाची गोष्ट. शहरात एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली आणि तिथं तिनं शेअर बाजाराचा खेळ पाहिला. घरी आली ती तोंड फुगवूनच. आपल्याला तो आणायचाच, म्हणाली. मी म्हटलं, विकत कशाला, मी करतो. मी कंपनीच्या टूलरूमला होतो, डाय म्हणजे साचे बनवायचो. केसाच्या जाडीचा फरक पडला तर सुपरवायझरशी भांडणारा माणूस. मी पुठ्ठ्याचा खेळ विकत आणणार? दोन रविवार खपून मी बोर्ड केला. आठ कंपन्यांच्या आठ उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीत एकसारख्या अंतरावर भोकं, आणि भोकात बसणाऱ्या पितळी खुंट्या. भाव चढला की खुंटी वरच्या भोकात, उतरला की खालच्या. खुंट्या अशा चोख बसायच्या की बोर्ड उपडा केला तरी पडत नसत. या सगळ्या मोजमापाच्या नादात शून्याचं भोक पाडायचं तेवढं मी विसरलो. सगळ्यात खालचं भोक पाचाचं होतं. म्हणजे आमच्या बाजारात कुठलीच कंपनी बुडू शकत नव्हती. मुलगी माझ्यावर जाम चिडली. बायको म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तसंच. कुनाचं दुकान पार बुडायला कशाला पायजे?"

कंपन्यांची नावंही तिच्याच हट्टानं ठरली. ज्यातलं आपल्याला कळतं तेच ठेवा, असं तिचं म्हणणं. त्यामुळं आमच्या बाजारात पिठाची गिरणी आली, रसवंती आली, चहाची टपरी, मंडपवाला, टेलरिंग, दूध डेअरी, बियाण्याचं दुकान आणि दवाखाना. गिरणी संथ, पाचानं चढणार, पाचानं उतरणार. रसवंतीचा काही भरवसा नाही, एका डावात आभाळाला आणि दुसऱ्या डावात जमिनीवर. बियाण्याला मुलीनं वेगळा नियम लावला होता. बियाण्याचा शेअर घेतला की पुढचे पाच डाव तो विकता येत नसे, आणि पाच डाव सांभाळला तर त्याचे दुप्पट पैसे. शाळेत नुकतंच दीर्घ मुदतीची गुंतवणूक की काय ते शिकवलं होतं, ते तिनं घरी वापरलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येकाला दहा पानं वाटायची. पानावर लिहिलेलं असायचं, गिरणी पाच चढली, रसवंती पंधरा उतरली. आपली पानं आपणच बघायची. मग पाळीपाळीनं प्रत्येकाला तीनदा शेअर घ्यायची किंवा विकायची संधी. ते झालं की सगळ्यांनी पानं उघडायची, सगळ्यांच्या पानांची बेरीज करायची आणि खुंट्या सरकवायच्या. म्हणजे आपल्या हातातल्या दहा पानांपुरतं आपल्याला पक्कं ठाऊक, बाकीचं समोरचा काय घेतो, काय विकतो यावरून ताडायचं. मी घाईघाईनं टपरीचे शेअर विकायला काढले तर बाकीच्यांनी समजायचं, याच्या हातात टपरी पाडणारं पान आहे. प्रत्येक कंपनीचे शेअर मोजके असत. ते संपले की कुणीतरी विकेपर्यंत हात चोळत बसायचं.

आम्ही चौघं खेळायचो. मी, बायको, मुलगी आणि शेजारचे मास्तर. मास्तर गणिताचे, निवृत्त, एकटे राहायचे. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की जेवणं, आणि जेवणानंतर डाव. मला वाटलं होतं, मी आणि मास्तर जिंकत जाऊ. दहावी झालेल्या, जिला बेरीज बोटांवर करावी लागते अशा माझ्या बायकोनं आम्हा दोघांना धुऊन काढलं. तिचा एक डाव मी अजून विसरलो नाही. गिरणीचे सगळे शेअर आमच्यात वाटले गेलेले, तिच्याकडं जेमतेम चार. तिनं पहिल्याच पाळीला ते चारही विकले, वर एक बारीक सुस्कारा टाकला. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, मी मुलीकडं बघितलं, आणि आम्ही तिघांनी धडाधड गिरणी विकायला काढली. शेवटच्या पाळीला तिनं ती सगळीच्या सगळी उचलली. पानं उघडली तर तिच्या हातात गिरणी चढवणारी चार पानं होती. मी हातातली पानं भिरकावली आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. आतून तिचं हसणं ऐकू येत होतं. "कुनाच्या तोंडाकडं बघायचं नस्तं," ती मास्तरांना सांगत होती, "हात काय करत्यात ते बघायचं."

पण पहिलं वर्षभर तिच्या जिंकण्याचं कारण हुशारी नव्हतं, ते फार उशिरा बाहेर आलं. पानं आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून केली होती. कोऱ्या बाजूला मुलीनं स्केचपेननं भाव लिहिले. पाठीमागची छपाई तशीच राहिली, कुठं अर्धा कलश, कुठं 'आमचे येथे', कुठं मोराची मान. माझ्यासारख्या डायवाल्याच्या किंवा मास्तरांसारख्या गणितवाल्याच्या ते डोक्यातच आलं नाही. तिनं मात्र पाठीवरून पान ओळखायला सुरुवात केली होती. मोराची मान म्हणजे रसवंती उतरणार. अर्धा कलश म्हणजे दूध डेअरी दहा चढणार. आमच्या हातातली निम्मी पानं तिला पाठीमागून वाचता येत होती आणि ती निमूटपणे खेळत होती. एकदा मास्तरांना संशय आला आणि भांडं फुटलं. मी आकाशपाताळ एक केलं. वर्षभर आम्हाला गंडवलंस, म्हणालो. ती म्हणाली, "तुमी इचारलंच नाय." मग मी सगळ्या पानांना मागून खाकी कागद डकवला.

इचारलंच नाय. आमच्या संसाराची रीतच ती होती, आणि मला तिचा अभिमान होता. खेळात आम्ही कडक नियम केला होता की पानं उघडेपर्यंत तोंडानं काही सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही, जे सांगायचं ते खेळून सांगायचं. हळूहळू घरातही तेच झालं. कंपनीत एकदा चार महिने काम कमी होतं, तेव्हा मी तिला काही बोललो नाही आणि तिनं काही विचारलं नाही. फक्त मी सायकल बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं गॅसऐवजी सरपणावर पाणी तापवायला सुरुवात केली. मी मित्रांना ऐटीत सांगायचो, आमच्यात बोलावं लागत नाही. ते सांगताना माझी मान किती ताठ असायची ते आठवलं की आता लाज वाटते.

ती सरकारी आरोग्य केंद्राची आशाताई होती. वस्तीतल्या बाया बाळंतपणाला न्यायच्या, लहानग्यांना लसी टोचायला न्यायचं, म्हाताऱ्यांच्या फायली धरून दवाखान्याच्या बाकांवर बसायचं, यात तिची पंधरा वर्षं गेली. कुठल्या खिडकीवर कागद द्यायचा, कुठल्या डॉक्टरापुढं मोठ्यानं बोलायचं, सगळं तिला पाठ. तरीही तिच्या स्वतःच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा ती सहा महिने कुणाला बोलली नाही. ॲसिडिटी हाय, म्हणायची. मी तिचे हात बघायला हवे होते. तिनं भाकरी थापायची सोडून पोळ्या लाटायला घेतल्या होत्या, कारण परातीशी वाकून जोर लावणं तिला जमत नव्हतं. मी म्हटलं, बरं झालं, मला पोळ्या आवडतात.

शेवटी मुलगी पुण्याहून आली आणि तिनं आईला ओढत संभाजीनगरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही गेलो. तपासण्या झाल्या, आठवड्यानं रिपोर्ट आले. डॉक्टर चांगला होता, तरुण होता, त्याला सांगताना त्रास होत होता. त्यानं बायकोला म्हटलं, मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का? ती उठली, पदर सावरला आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. मग त्यानं मला आणि मुलीला सांगितलं. गाठ पसरली होती. चीरफाड करण्यात अर्थ नव्हता. चार महिने, फार तर सहा. मी विचारलं, तिला सांगायचं का? तो म्हणाला, तुम्ही ठरवा, पण माझं मत विचाराल तर सांगावं. मी म्हटलं, नाही. सांगितलं तर ती चार दिवस जगणार नाही. बाहेर येताना मी मुलीचा हात घट्ट धरला आणि तिच्याकडून कबूल करून घेतलं की आईला कळता कामा नये. मुलगी रडत मान हलवत होती. बायको बाकावरून उठून म्हणाली, "काय म्हनला डाक्टर?" मी म्हणालो, आतड्याला सूज आहे, लांबलचक औषध आहे. ती म्हणाली, "बरं."

जिनं पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या फायली धरल्या, डॉक्टरांच्या दाराबाहेर 'तुम्ही जरा बाहेर बसा' म्हणून बसवलेल्या किती जणांच्या शेजारी जी स्वतः बसली होती, तिला मी आतड्याची सूज सांगितली. आणि तिनं ती मानली असं मी मानलं! आजही मला माझ्या या मूर्खपणाचा राग येतो. पण तेव्हा मला तिच्या 'बरं'नं केवढा धीर आला.

मुलीनं ऑफिसात सांगून घरून काम करायची परवानगी घेतली आणि ती आमच्याकडंच राहिली. पहिल्याच रविवारी बायको म्हणाली, "डाव मांडा की, किती दिस झाले." आम्ही मांडला. मास्तरांना मी सगळं सांगून ठेवलं होतं, ते पानं वाटताना दोनदा मोजायला चुकले. तिला फार वेळ बसवत नसे, म्हणून रविवारी एकच डाव खेळायचा आणि बोर्ड तसाच कपाटावर उचलून ठेवायचा असं ठरलं. तिच्या पाळीला तिनं दहा शेअर घेतले. बियाण्याचे.

मी मनात हिशेब केला. बियाणं म्हणजे पाच डाव, पाच डाव म्हणजे पाच रविवार. जिला काही कळलंय ती बियाणं घेईल का? घेणार नाही, जे हातात आहे ते विकून मोकळी होईल. मला इतकं हायसं वाटलं की मी उठून सगळ्यांसाठी चहा टाकला, जो मी वर्षातून दोनदा टाकतो. पुढच्या रविवारी तिनं पुन्हा बियाणं घेतलं. मीही घेतलं, तिला दिसावं म्हणून, की बघ, मलाही पाच रविवारांची खात्री आहे. मास्तर एकदा मला दाराशी म्हणाले, "तुम्ही दोघं बियाणंच घेताय. खेळ म्हणून हे चुकतंय." मी त्यांना गप्प केलं.

दिवस कापूस फुटायचे होते. एका सकाळी ती खिडकीशी बसून म्हणाली, "गावाकडं आता येचणी चालू झाली असंल." बस्स, एवढंच. तिचं माहेर म्हणजे तिचा भाऊ आणि भावजय. आईवडील कधीच गेले होते. भावजय वयानं तिच्याहून लहान, पण दोघींची गट्टी अशी की फोनवर बसल्या की माझं जेवण थंड व्हायचं. लग्नाआधी ती त्याच रानात कापूस वेचायची. पहाटेच्या दहिवरात बोंडं ओली असतात, वेचताना बोटं बधिर होतात, हे ती मला नवी नवरी असताना सांगायची. तिला जायचंय हे मला कळलं. ते न कळण्याइतका मी दगड नव्हतो. मी उठून पाणी प्यायला गेलो.

माझी अडचण अशी होती की इतक्या वर्षांत मी आपण होऊन तिला माहेरी नेलं नव्हतं. लग्न असलं, कुणी गेलं, भावानं बोलावलं, तर आम्ही जायचो, आणि तेही मी कुरकुर करत. आता मी एकाएकी 'चल देवगावला' म्हटलं तर ती काय समजणार? माझी अशी एक खेळी, आणि माझी सगळी पानं तिला पाठीमागून दिसली असती. म्हणून मी निमित्त शोधत राहिलो. तिच्या भाच्याला, देवगावच्या भावाच्या मुलाला, मुलगी झाली होती, महिन्याभरानं तिचं बारसं होतं. ठरवलं, बारशाला न्यायचं. चार दिवस ठेवायचं. महिना काय, जाईल बघता बघता.

तरी एका रविवारी माझ्यानं राहवलं नाही. डाव चालू होता, तिची पाळी होती, ती पानांकडं बघत होती. तिचं मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगडी कोपरापर्यंत जायची. मी आपलं सहज बोलल्यासारखं, पानांमधून डोकं वर न काढता म्हटलं, "देवगावला जाऊन यायचं का दोन दिवस?"

मुलगी एकदम माझ्याकडं बघायला लागली. मास्तर पानं खाली ठेवून थांबले. बायकोनं पानांवरची नजर काढली नाही. "आत्ता कशाला?" ती म्हणाली. "एवढं काय अडलंय? बारशाला जायचंच हाय की." आणि तिनं बियाण्याचे पाच शेअर घेतले. मला सुटल्यासारखं झालं, हे मी कबूल करतो. मी विचारलं होतं, तिला नको होतं, आणि तिला काही कळलेलं नव्हतं. मुलगी उठून आत गेली. मला वाटलं, तिला फोन आला असेल.

मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यानंतरच्या बुधवारी तिला उलट्या सुरू झाल्या आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. मग घर, मग पुन्हा दवाखाना. एसटीत बसवण्यासारखी ती राहिली नाही. मी गाडी ठरवायचं बोललो तर डॉक्टर नको म्हणाले. बारशाच्या आठ दिवस आधी, दुपारी, दवाखान्यात झोपेतच ती गेली. मुलगी तिच्या पायाशी होती, मी औषधं आणायला खाली गेलो होतो.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, विहारातली वंदना होऊन लोक जेवून गेल्यावर मुलगी मला म्हणाली, "पप्पा, तुम्हाला एक सांगायचंय. आईला माहीत होतं."

मी म्हटलं, काय माहीत होतं?

"सगळं. पहिल्या दिवसापासून. रिपोर्ट आले त्याच संध्याकाळी तिनं मला स्वयंपाकघरात धरलं. म्हणाली, मला बाहेर बसवलं तेव्हाच कळलं, आता तू नुसतं किती दिवस ते सांग. मी सांगितलं. मग म्हणाली, तुझ्या पप्पांना कळू देऊ नको मला ठाऊक आहे म्हणून. त्यांना वाटतंय मला काही माहीत नाही, तेवढ्यावर ते उभे आहेत."

मी विचारलं, मग ते बियाणं?

"बियाणं घेतलं की तुमचा चेहरा सुटायचा," मुलगी म्हणाली. "आई म्हणायची, बघ, आता उठून चहा करतील."

मला मुलीचा इतका राग आला की मी तिच्यावर ओरडलो. तुला दोन्हीकडचं माहीत होतं, एक शब्द बोलली असतीस तर! एकच शब्द! मास्तर मधे पडले. मुलगी माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाली, "तुम्ही माझ्याकडून कबूल करून घेतलं होतंत, पप्पा. आणि तिनंही. मी दर रविवारी तुमच्या दोघांच्या मधे बसत होते." मी माझ्याच दुःखाच्या पायी त्या पोरीकडं चार महिने बघितलंच नव्हतं. तिचे केस गळले होते, गाल बसले होते. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, राहू द्या. पण ते राहू देण्यासारखं नाही, ते मला कळतं.

महिन्याभरानं मी देवगावला गेलो. एकटाच, एसटीनं. सोबत बायकोची दोन लुगडी होती, तिनं भावजयीला द्यायला काढून ठेवलेली. मेहुणा शेतात होता. भावजयीनं अंगणात खाट टाकली. लुगडी मांडीवर घेऊन ती बराच वेळ काठावरून हात फिरवत बसली. मग मीच बोललो. तिला यायचं होतं का, असं विचारलं. विचारायला मला लाज वाटत होती.

"यायचं व्हतं का?" ती म्हणाली. "दाजी, अक्कांचा फोन रोज असायचा. येचणी कुठवर आली, कोन्त्या वावरात, समदं इचारायच्या."

मी म्हणालो, पण मी विचारलं होतं. एकदा विचारलं होतं मी. तीच नको म्हणाली.

"मला ठावं हाय. त्याच सांजच्याला फोन आला व्हता. लई खुशीत व्हत्या. म्हनल्या, आज त्यांनी आपल्या तोंडानं इचारलं, देवगावला जायचं का म्हनून. म्या म्हनलं, मग कवा येताव? तर म्हनल्या, म्या नको म्हनले." भावजयीनं पदरानं नाक पुसलं. "म्या लई बोलले त्यांला. काहून नको म्हनल्या? तर म्हनल्या, अगं, पयल्याच इचारन्याला कुनी व्हय म्हनतं का? एकदम व्हय म्हनले तर त्यांला कळंल मला समदं कळलंय ते. आनखी एकदा इचारतील, तवा व्हय म्हनते. तू खोली झाडून ठिव."

मी अंगणातून त्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

"म्या ठिवली व्हती झाडून," ती म्हणाली.

मग ती आत गेली आणि चहा घेऊन आली. मी हातानंच नको म्हटलं. ती कप तसाच धरून उभी राहिली, आणि जसं कुणीही म्हणतं तसं म्हणाली, "घ्या की दाजी."

दुसऱ्यांदा विचारायला तिला एवढंच लागलं. मी कप घेतला आणि तिच्या अंगणात, परक्या बाईसमोर, मोठ्यानं रडलो.